मागून म्हणणारे

समता दूध पिता पिता झोपली की हलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. म्हणून त्या रविवारी लॅपटॉप समोरच्या खुर्चीवर ठेवून, तिला मांडीवर घेऊनच मी वंदनेला बसले.

लॉकडाउनमध्ये इथला, नेदरलँड्समधला, हूफडॉर्पचा हॉल बंद झाल्यापासून आमची रविवारची बुद्धवंदना स्क्रीनवर आली होती. राजानंददादा पुढे म्हणणार, आम्ही मागून. पण नेटवर आवाज मागेपुढे व्हायचे, मध्येच कुणाचा कुकर, कुणाचं मूल. दादा वैतागले आणि सगळ्यांचे माइक बंद ठेवू लागले. वंदना शुद्ध झाली, माणसं गळत गेली. शेवटी त्यांनीच ग्रुपवर लिहिलं, ‘या रविवारनंतर थांबू. हॉल उघडला की बघू.’

"आता थांबलं की संपलंच," मी नवऱ्याला, केतनला म्हटलं. "दिवसभर समताला घेऊन घरात बसते, मग मी कुणाकडे बघू?"

"बोल ना त्यांच्याशी."

बोलायच्या आधीच नागपूरहून बातमी आली. दादांचे वडील कोविडनं गेले. दादांना जाता आलं नाही.

एरवी आम्ही डबे घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसलो असतो. आता वडिलांसाठीचं पुण्यानुमोदनही त्याच शेवटच्या रविवारी, स्क्रीनवरच. नागपूरहून त्यांच्या आई, राधाबाई कॉलवर आल्या होत्या. त्यांच्या चौकटीत नुसता छताचा पंखा फिरत होता.

विधी कोण चालवणार, हे कुणी विचारलंच नाही. दादाच चालवतात ना! त्यांनीच सुरू केलं. पंचशीलातलं दुसरं शील झालं आणि ते थांबले.

आमचे सगळ्यांचे माइक बंदच होते. माइकचे अधिकार त्यांच्याशिवाय फक्त माझ्याकडे होते. मी सगळ्यांना बोलायची मुभा दिली.

"कायले थांबला रे राजा?" पंख्याखालून आवाज आला.

"आई, नाही होत गं."

"मंग तू बस गप. एवढे जण हायेत, म्हणतीन."

कुणीच म्हणेना. इतकी वर्षं आम्ही फक्त मागून म्हटलं होतं. मी तिसरं शील कसंबसं म्हटलं, आणि चौथ्याचा पहिला शब्दच आठवेना.

"मुसावादा, ताई," आइंडहोवनहून अनुप पुटपुटला.

समता दचकून उठली, रडू लागली. मी माझा माइक बंद करायला हात नेला.

"राहू दे गं," सुचित्रा तिच्या चौकटीतून म्हणाली. "रडू दे तिला. तू म्हण."

म्हटलं. कुणी पुढे, कुणी मागे, फरफटत शेवटाला पोचलो.

"चौथ्यात अडखळलात," दादा म्हणाले.

"हो दादा."

त्यांनी कॅमेरा बंद केला.

"पुढच्या रविवारी कोण म्हनते?" राधाबाईंनी विचारलं. "आत्ताच सांगा. मंग फोन ठेवते."

समता माझ्या खांद्यावर हुंदके देत होती.

"मी म्हणते, आजी. पाठ करून," मी म्हटलं.

"आणि मी पुस्तक धरून बसतो," अनुप म्हणाला.

दादांची चौकट काळीच राहिली. त्यातून त्यांचं रडणं ऐकू येत होतं, सगळ्यांना. माइक बंद करणं माझ्या हातात होतं. मी केला नाही. कुणी कॉल सोडूनही गेलं नाही.