गाडी कोण चालवणार?

"गाडी कोण चालवणार?" व्हिस्कीच्या कारखान्यात स्वागताच्या टेबलामागच्या मुलीनं विचारलं, आणि नोरियुकीनं बहिणीकडे बोट दाखवलं, चिझुरूनं भावाकडे. अगदी एकाच वेळी.

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या आईला, हात्सुएबाईंना, हसू आवरेना. पन्नाशी ओलांडलेले दोन घोडे! शाळेत असताना खिडकीची काच फुटली की जे करायचे, तेच आजही करत होते.

झालं होतं असं की महिनाभर आधी दोघांचं फोनवर बोलणं झालं होतं. "दादा, व्हिस्की तूच घे हं, मी नाही घेतली तरी चालेल." "छे गं, तू घे, माझं काही अडलेलं नाही." दोघांनी इतक्या अदबीनं एकमेकांना पुढे केलं, की गाडी दुसराच चालवणार याबद्दल दोघांचीही खात्री पटली. आमच्याकडे प्रत्येक घरात वर्षातून एकदा तरी हे असं होतंच. मनातलं सरळ बोलायचं नाही आणि मग तोंडं पाडून बसायचं.

टेबलावरच्या मुलीचं नाव नोझुए. तिनं कमरेत वाकून माफी मागितली, जणू चूक तिचीच होती, आणि एक गोल पिवळा स्टिकर काढला. "चालकानं हा छातीवर लावायचा. त्यांना शेवटी व्हिस्कीऐवजी सफरचंदाचा रस मिळेल."

"एक घोटसुद्धा नाही?" नोरियुकीनं विचारलं.

"माफ करा."

"जिभेला लावण्यापुरती?"

"फार फार माफ करा," नोझुए आणखी खाली वाकली. आमच्याकडे माणूस जितका खाली वाकतो, तितका त्याचा नकार पक्का. किल्ली नोरियुकीच्या हातात दिसत होती, म्हणून स्टिकर त्याच्याच छातीवर बसला.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. कारण आज इथे जी व्हिस्की मिळायची होती, ती त्याच्या वडिलांच्या हातची होती. गिइची, म्हणजे हात्सुएबाईंचे यजमान, सदतीस वर्षं या कारखान्यात तांब्याच्या भट्ट्यांखाली कोळसा घालत होते. ज्या हिवाळ्यानंतर ते निवृत्त झाले, त्या हिवाळ्याचं एक पिंप पंचवीस वर्षांनी यंदा उघडलं होतं. बाटल्या विकायला नाहीत. इथे येईल त्याला एक पेला, संपेपर्यंत. गिइचींना जाऊन आठ वर्षं झाली होती.

आजच्या सहलीला दुसरंही एक कारण होतं, आणि ते आईला ठाऊक नाही असा मुलांचा समज होता. काल रात्री भांडी विसळताना दोघं कुजबुजत होते. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं गाडी चालवणं बरं नव्हे. व्हिस्की बघून आई जरा हळवी होईल, तेव्हा विषय काढू. लायसन्स पोलिसांकडे परत करायला लावू, परत करणाऱ्याला टॅक्सीत दहा टक्के सूटही मिळते. हात्सुएबाई पलीकडच्या खोलीत पांघरूण घेऊन पडल्या होत्या. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला आणि त्यांना इतका राग आला की झोप उडाली. वसंतात लायसन्ससाठी म्हाताऱ्यांना द्यावी लागते ती स्मरणशक्तीची परीक्षा दिली तेव्हा सोळा चित्रांतली तेरा त्यांनी बरोबर सांगितली होती. नोरीला आपल्या बायकोचा वाढदिवस तरी आठवतो का?

लायसन्स त्यांनी छत्तिसाव्या वर्षी काढलं होतं, ते या कारखान्यापायीच. आठ तास आगीपुढे घामाघूम झालेला नवरा बर्फातून बसस्टॉपपर्यंत चालत जायचा. एका हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. बर्फ वितळल्यावर हात्सुएबाईंनी कुणाला न विचारता ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. पुढचे अठरा हिवाळे रोज संध्याकाळी त्या फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून थांबत. गिइची येत, शेजारी बसत आणि दुसऱ्या वळणाच्या आत घोरायला लागत. फाटकाच्या आत मात्र त्या कधी गेल्या नाहीत. "आत काय बघायचंय? कोळसाच आहे," असं ते म्हणायचे.

आज त्या पहिल्यांदा आत आल्या होत्या, आणि तेही तिकीट काढून.

भट्टीघरात उकडत होतं. तांब्याच्या उंच भट्ट्यांच्या मानेभोवती देवळात असतो तसा गवताचा पवित्र दोर बांधलेला, त्याला पांढऱ्या कागदाच्या पताका. खाली एका माणसानं लोखंडी दार उघडलं, चार फावडी कोळसा आत भिरकावला आणि दार लावून घेतलं. "दर सात मिनिटांनी," नोझुएनं सांगितलं.

"अगं बाई!" हात्सुएबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"काय झालं, आई?"

"जेवताना तुमचे बाबा सारखे घड्याळाकडे बघायचे, आठवतंय? मला वाटायचं माझ्या हातचं जेवण कधी संपतंय याची वाट बघतायत. तीस वर्षं मी मनातल्या मनात चिडत होते!"

चिझुरू हसता हसता भिंतीला टेकली. फावडंवाला माणूसही वळून बघायला लागला. हात्सुएबाईंना मात्र त्या उकाड्यात उभं राहून नवऱ्याची फार आठवण आली. त्या पुढचं दार उघडेपर्यंत, म्हणजे मोजून सात मिनिटं, तिथून हलल्या नाहीत.

शेवटी सगळे पेल्यांच्या खोलीत आले. चिझुरूपुढे सोनेरी पेला ठेवला गेला, नोरियुकीपुढे सफरचंदाचा रस. आईला दारू सोसत नाही हे घरात सगळ्यांना माहीत. तिनं आपला पेला कुणी विचारण्याआधीच नाकारला होता. चिझुरूनं पेला उचलला, भावाकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"दादा, तू घे. स्टिकर दे इकडे."

"छे छे, तू सेंदाईहून आलीस. तूच घे."

"तू थोरला."

"तू बाबांची लाडकी."

झालं, पुन्हा तेच सुरू. हात्सुएबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग हात लांब करून मुलाच्या छातीवरचा स्टिकर टरकन काढला आणि स्वतःच्या स्वेटरवर चिकटवला.

"नोझुएसान, याला पण एक पेला द्या. गाडी मी चालवणार आहे."

दोघांचीही तोंडं उघडीच राहिली.

"आई, पण..."

"पण काय? गाडी माझी. लायसन्स आहे माझ्याकडे. निदान आजच्या दिवशी तरी आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आपल्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे, नोरी. टॅक्सीत दहा टक्के सूट मिळते म्हणे? वा! माझी किंमत छान लावलीत."

नोरियुकीचे कान लाल झाले. त्यानं मुकाट्यानं किल्ली आईच्या हातात दिली. एकीकडे बाबांची व्हिस्की, दुसरीकडे आईचं लायसन्स. दोन्ही एकाच दिवशी साधणार नव्हतं, आणि व्हिस्की तर समोरच होती.

पहिल्या घोटाला चिझुरूच्या गालांवर लाली चढली. नोरियुकीनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा ते ओले होते. त्यानं पेला आईच्या नाकाखाली धरला. "नुसता वास घे. वासाला बंदी नाही ना?" नोझुएनं मान हलवली. नव्हती.

हात्सुएबाईंनी वास घेतला. धूर, ओलं लाकूड आणि मागून काहीतरी गोडसर.

"हे होय? हे तर मी सदतीस वर्षं धुतलंय," त्या म्हणाल्या. "दोन पाण्यांतून काढलं तरी जायचं नाही."

परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर बसले. थोडा वेळ गाणी म्हटली, मग बाबांच्या नकला केल्या, आणि दुसऱ्या वळणाच्या आत चिझुरूचं डोकं भावाच्या खांद्यावर आणि भावाचं काचेवर. हात्सुएबाई खुशीत होत्या. डावीकडे समुद्र, उन्हं उतरलेली, रस्ता पाठ. आता कोण लायसन्सचं नाव काढतो ते बघतेच, असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

बोगद्यानंतरच्या उतारावर हरीण आलं.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, धक्का न देता थांबली. हरणानं हेडलाइटच्या उजेडात त्यांच्याकडे बघितलं आणि सावकाश झाडीत शिरलं. मागचे दोघं हललेही नाहीत. असा ब्रेक नोरीला जन्मात लागला नसता. आणि बघायला कुणी जागं नाही!

पण ते हरीण रस्त्याच्या कडेला आधीपासून उभं असणार. पूर्वी त्यांना ते दोन खांब अलीकडूनच दिसलं असतं. आज ते रस्त्याच्या मधोमध आल्यावर दिसलं. त्यांना एकदम भीती वाटली, स्वतःसाठी नाही, मागच्या दोघांसाठी. उरलेला रस्ता त्यांनी चाळीसच्या वर जाऊ न देता काढला.

घरासमोर गाडी थांबली तसा नोरियुकी जागा झाला. "पोचलो? मला कळलंसुद्धा नाही! काय चालवतेस गं, आई! आमचं चुकलं. तो विषय आम्ही पुन्हा काढणार नाही, शप्पथ."

चिझुरूनं डोळे चोळत मान डोलावली.

जिंकल्याच की हात्सुएबाई. तोंड मिटून गाडीतून उतरायचं, एवढंच बाकी होतं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले.

"बर्फ पडेपर्यंत चालवीन," त्या म्हणाल्या. "मग ठाण्यात जाऊन लायसन्स देऊन येईन. मी एकटी जाईन, तुम्ही कुणी सोबत यायचं नाही."

"काय? अगं, पण का? आत्ताच तर..."

"वाटेत हरीण आडवं आलं. मला उशिरा दिसलं."

"कुठे? आम्हाला तर काहीच..."

"तुम्ही झोपला होतात ना. तुमचे बाबा झोपायचे तसेच, अगदी बिनघोर." त्यांनी आरशातून मागे पाहिलं. "म्हणून सांगितलं. नाहीतर मी कुणाच्या बापाला सांगितलं नसतं."

मग नोरियुकीनं पुढे वाकून हळूच किल्लीसाठी हात केला.

हात्सुएबाईंनी त्या हातावर चापट मारली आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली.

"बर्फाला अजून महिना आहे. उद्या सकाळी दोघांना स्टेशनवर मीच सोडणार. आणि मागे बसून झोपायचं नाही. एकानं पुढे बसायचं आणि रस्त्याच्या कडेला बघत राहायचं."

"मी बसतो पुढे," नोरियुकी म्हणाला.

"मी बसते," चिझुरू म्हणाली.