उसना झेंडा

केदारखेड्यात आमचं आणि अजमतभाईंचं घर भिंतीला भिंत लागून. ऑगस्टमध्ये घरोघर तिरंगे वाटले, तेव्हा दोन्ही छतांवर एकाच दिवशी लागले. आमचा पोळ्याच्या सुमारास वाऱ्यानं उडाला. कुणाच्या कपाशीत जाऊन पडला, देव जाणे. शोधायला कुणी गेलं नाही, आणि गावात मला कुणी एका शब्दानं विचारलंही नाही.

अजमतभाईंचा मात्र दसरा झाला तरी होता. ते शिंपी. कडेचे दोरे सुटले की झेंडा खाली घ्यायचा, फाटकी किनार कापायची, मशीनवर नवी दुमड घालायची आणि लगेच परत वर. असं करता करता तो टॉवेलाएवढा उरला होता. रंगाचं तर विचारूच नका.

माझी जीभ जरा तिखट. एकदा मशीनपाशी उभी राहून म्हणाले, "भाईजान, दिवाळीपर्यंत याचा हातरुमाल होईल. ठिवून द्या की घडी घालून."

ते हसले नाहीत. सुईत दोरा ओवत राहिले. उत्तर दिलं त्यांच्या बायकोनं, अनवरीभाबीनं, तेही हळू आवाजात.

"ताई, तुमचा गेला तर वाऱ्यानं नेला. आमचा गेला तर आमीच उतरवला म्हनतील लोक. कडूबाभाऊ परवा छताकडं बघून बोलले, अजून हाये वाटतं झेंडा. तवापासून यांला झोप न्हाई."

मला रागच आला. कडूबा आमच्याच भावकीतला, त्याचा आला, गावाचा आला, आणि निमूट शिवत बसलेल्या अजमतभाईंचाही थोडा आला.

"मंग मला द्या," मी म्हणाले. "आमच्या घरावर न्हाईच. उसना नेते. कुणी विचारलं तर सांगा, साधनानं नेला."

साखर, विरजण, शिडी, सगळं आमच्यात उसनं चालतं. झेंडा पहिल्यांदाच. अजमतभाईंनी तो नीट घडी घालून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा त्यांच्या दारात थांबला. "अजमतभाई, झेंडा दिसून न्हाई राह्यला?"

कापडात चाललेली कात्री थांबली. अजमतभाईंनी नुसतं आमच्या छताकडं बोट केलं.

"मी नेला उसना," मी अंगणातून ओरडले. भांडायच्या पूर्ण तयारीत होते.

कडूबानं वर पाहिलं. मग अगदी मायेनं म्हणाला, "वहिनी, पार विटून गेलाय की. काढून ठिवा आता, बरा न्हाई दिसत." आणि गेला आपल्या वाटेनं.

कडूबा मनानं वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं.

अजमतभाई उठले, आतून शिडी घेऊन आले आणि आमच्या भिंतीला लावली. मला वाटलं, आता स्वतःच चढतील. पण ते शिडी धरून खालीच उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "तुमीच चढा."