मेल उघडणारी बाई

"तू कशाला तोंड उघडतेस? कुण्णाला माहीत नाहीये!" एडिनबरो स्टेशनात उतरताना नंदूने बायकोला सातव्यांदा बजावलं.

रेखाने पर्स खांद्याला अडकवली. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात ती वीस वर्षं अपॉइंटमेंटच्या टेबलावर बसत होती. दोन वर्षांपूर्वी एका मेलमधून सायबर चोर तिथे शिरले आणि एका इमारतीतली ऑपरेशनं तीन दिवस रखडली. मेल कुणी उघडली, हे फक्त आयटीला, मॅनेजरला आणि नंदूला ठाऊक. कँटीनमध्ये नर्स डॅनिएला त्या अनोळखी मूर्खाला लाखोली वाहायची आणि रेखा, काय करणार बापडी, मान डोलवायची.

आता पंचावन्न लाख माणसांचा हा एवढासा देश अशा चोरांविरुद्ध नियम करायला बसला होता. एडिनबरोतल्या समितीपुढे कारकुनांच्या वतीने बोलायला बोलावलं कुणाला? तर रेखाला! नर्सांच्या वतीने आलेली डॅनिएला तिच्या शेजारीच बसली. नंदू मागे, पाहुण्यांच्या रांगेत.

समितीच्या अध्यक्ष हॅनाबाईंनी मसुदा वाचला. "कलम नऊ. ज्याच्या चुकीने चोर आत शिरतील, त्याची नोकरी जाईल. कुणाची हरकत?"

रेखाचा हात वर गेला. रिटायरमेंटला दोनच वर्षं उरलेली होती.

"माझी आहे. आमच्याकडची ती मेल मी उघडली होती."

डॅनिएलाने गर्रकन वळून पाहिलं. नंदूने कपाळावर हात मारून घेतला.

"आमच्या मंडळाच्या अर्चनाताईंच्या नावाने आली होती. दिवाळीच्या फराळात कोण काय करणार, त्याची यादी. चकल्या माझ्याकडे होत्या. लगेच उत्तर दिलं नाही तर ताई रुसतात हो! उघडली, आणि स्क्रीन काळी पडली. दोन मिनिटांत मी आयटीला फोन केला, म्हणून एकाच इमारतीवर निभावलं. तुमचं कलम नऊ तेव्हा असतं ना, तर मी घाबरून मशीन बंद केलं असतं आणि गुपचूप घरची बस पकडली असती. अख्खं हॉस्पिटल गेलं असतं!"

डॅनिएलाने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

समितीत वीस मिनिटं घासाघीस झाली. मग हॅनाबाईंनी कलम नऊवर काट मारून लिहिलं: चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

"तुमचं नाव मात्र आम्ही गुप्त ठेवू," त्या हलकेच म्हणाल्या.

रेखाचा ऊर भरून आला होता. स्वतःचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

"नको. रेखा नंदकुमार गद्रे. लिहा."

मागच्या रांगेत नंदू उभा राहून टाळ्या वाजवत होता.