नाचात आलेला धोटा

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला मी छोटीशी होडी वाटेन. पण पाण्यात मी कधी गेलो नाही. मी नागपूरच्या एका कापडगिरणीतला जुना धोटा आहे. पोटात सुताची कांडी घेऊन मागावरच्या ताणलेल्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावायचं, हे माझं काम. माझ्या धावण्यातून धोतरं झाली, चादरी झाल्या, शाळेचे गणवेशही झाले.

माझ्या कुशीला एक बारीक भोक आहे. नवी कांडी भरली की सुताचं टोक त्यातून बाहेर काढावं लागे. विणकर भोकाला ओठ लावून श्वास आत ओढत, की सूत सुळकन बाहेर! माझे विणकर पुंडलिकराव. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी मला पिशवीत घातलं. पुढे मुलाला जबलपूरला, खमरियाच्या फॅक्टरीत नोकरी लागली आणि मी क्वार्टरमधल्या कपाटावर आलो. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. एकदा तर खिडकी वाजू नये म्हणून मला फटीत खुपसलं होतं. वाईट वाटलं, पण सांगणार कोणाला?

यंदा मात्र माझी आठवण निघाली. पुंडलिकरावांची नात अवंती सुनेत्रादीदींकडे नाच शिकते. दीदी गिरणी कामगारांच्या हालचालींवरून नवा नाच बसवत होत्या. बारा मुलं, घुंगरू नाहीत, फक्त मागाचा खडखडाट. पुंडलिकराव मला घेऊन तालमीला गेले आणि त्यांनी ओठांनी सूत ओढून दाखवलं.

"अरे वाह बाबूजी, यही चाहिए!" दीदी खूश झाल्या. "प्रत्येक मूल असंच करेल आणि धोटा पुढच्याला देईल."

अवंतीची आई रुचिरा भिंतीशी बसली होती. अवंती दोनच दिवसांपूर्वी तापातून उठलेली. रुचिरा ताडकन उभी राहिली. "नाही हं दीदी! बारा तोंडं आणि एकच धोटा? सगळ्यांचं उष्टं! माझी मुलगी नाही करणार."

पुंडलिकरावांचा चेहरा पडला. त्यांनी मला छातीशी धरलं. "चल अवंती. नाही करायचा हा नाच."

"आजोबा, पण मी..." अवंतीचे डोळे भरले.

"बाबा, मी तुम्हाला काही म्हटलं का?" रुचिरा गोंधळली.

"सूनबाई, माहा बाप वीस वर्षं गिरणीच्या सूतकताई खात्यात राह्यला. मागावरचं काम येत होतं त्याले. पण आमच्या जातीच्या मानसाले मागावर घेत नव्हते. काहून? तर धोट्याले आमचं तोंड लागन अन् बाकीचे बाटतीन! घरातून मी पहिला गेलो मागावर. त्या दिवशी बापानं माह्या ओठाले बोट लावून पाह्यलं."

रुचिरानं कॉलेजात हे पुस्तकात वाचलं होतं. घरातल्या माणसाकडून पहिल्यांदा ऐकलं. तिनं मला सासऱ्यांच्या हातातून घेतलं, त्यांच्या ओठांच्याच जागी ओठ लावले आणि श्वास ओढला. सूत येईना.

"आई, जोरात!" अवंती ओरडली.

दुसऱ्यांदा सूत थेट जिभेवर आलं. रुचिराला ठसका लागला. पण तिनं ओठ पुसले नाहीत.

"बाबा, बाटण्याचं माझ्या मनातही नव्हतं. पोरीला ताप आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, एवढंच. बारांतल्या एकाला खोकला असला तर?"

पुंडलिकराव मला परत हातात घेऊन चाचपत राहिले. "माह्या मागावरचा दुसऱ्या पाळीचा शालिग्राम खोकूनच गेला," ते हळूच म्हणाले. "पाळी बदलली का एकाचा धोटा दुसरा घ्यायचा. आमाले कोनी सांगितलंच नाही."

मला ठाऊक होतं. शालिग्रामच्या ओठांनाही मी लागलो होतो. एकाचा आजार दुसऱ्याकडे नेतो आहे हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

"दीदीजी," पुंडलिकराव म्हणाले, "पोरं रिकाम्या हातानं करतीन. मी शिकवतो."

"और धोटा?"

"धोट्यावर मी करीन. स्टेजवर."

आणि त्यांनी केलं. बारा मुलांनी रिकामे हात ओठांशी नेले, मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पुंडलिकराव मला घेऊन उजेडात आले. सूत एका श्वासात आलं. पहिल्या रांगेत रुचिरा टाळ्या वाजवायचीच विसरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, एवढंच मी पूर्वी मागितलं असतं. आता आणखी थोडं मागतो. आम्हाला पुसूनबिसून काचेत ठेवण्याआधी विचारा, आम्हाला कोणाचे हात लागले, आणि कोणाचे लागू दिले नाहीत.