मशीन वाचत नाही ती ओळ

लेथवर उभा जन्म काढलेल्या टर्नरने एस्केप दाबलं. खेळ थांबला नाही. त्याने पुन्हा दाबलं, बटण खाली रुतेल इतक्या जोराने.

"बाबा, लेथ नाहीये तो," लेक म्हणाली. "जुन्या मशीनची बटणं वेगळी असतात. खाली लिहिलंय बघा, थांबवायला एफ बारा."

लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर जसाच्या तसा उघडला होता. काळा पडदा, जाड पांढरी अक्षरं. वरून लोखंडी नट पडत होते आणि खाली टोपीवाला कामगार ते डब्यात झेलत होता. खेळाच्या नावाखाली मेव्हण्याचं नाव. याच खेळावर मेव्हण्याला कॉम्प्युटरच्या मासिकाचं बक्षीस मिळालं, बक्षिसावर नोकरी, आणि आज संध्याकाळी पाच वाजता भरल्या सभागृहात त्याचा सत्कार होता.

खेळ टर्नरच्या बायकोने लिहिला होता. मशीन मेव्हण्याचं, पण त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता आणि टीव्हीला जोडल्याशिवाय ते चालायचं नाही, म्हणून ते बहिणीकडेच असायचं. इतकी वर्षं ती अवाक्षर बोलली नाही. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "तो नटांचा खेळ माझा होता हो." आणि कुशीवर वळली.

तिला जाऊन तीन महिने झाले. मेव्हणा भेटायला आला, टर्नरच्या खांद्यावर हात ठेवून रडला. टर्नरने तो हात झटकला नाही. तो संधीची वाट बघत होता.

"तुझ्या मामाने जन्मात पाना धरलाय का हातात?" तो म्हणाला. "म्हणे नटांचा खेळ! आज नाक कापतो त्याचं, चारचौघांत."

"कापा की. पण पुरावा?"

"आत कुठेतरी तिचं नाव असणार. छत्रीच्या मुठीवर नाव घालणारी बाई ती."

त्याने एफ बारा दाबलं. कामगार डबा धरून जागीच थिजला. लेकीने सांगितलं तसं त्याने एका बोटाने 'लिस्ट' टाइप केलं, आणि प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर आल्या. लेक फोनचा कॅमेरा उघडून तयारच होती. फोटो आधी घरच्या ग्रुपवर जायचा होता, मग सत्कार करणाऱ्यांना.

"सुरुवातीला रेम लिहिलेल्या ओळी बघा. त्या मशीन वाचत नाही, माणसांसाठी असतात. खेळताना दिसतही नाहीत."

"म्हणून तुझ्या मामाने खोडल्या नसणार. आळशी मेला."

तिसरीच ओळ लांबलचक होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. टर्नर बोट ठेवून, अक्षरं जुळवत मोठ्याने वाचू लागला.

"दादा, नाव तुझंच घाल. ह्यांना कळू देऊ नकोस. मी टीव्ही अडवते म्हणून परवा ह्यांनी वायर उपटली, दोन दिवसांचं लिहिलेलं गेलं. ह्यांना वाटतं मी खेळत बसते."

शेवटचे शब्द त्याने मनात वाचले. बोट तिथेच राहिलं. वायर त्याला आठवत नव्हती. शिफ्टवरून आल्यावर टीव्हीवर लावायचा त्या बातम्या आठवल्या.

लेकीने फोन खाली घेतला. म्हणाली, "पहिलं वाक्य तेवढं ठेवते. बाकीचं कापते. मामाला तेवढंही पुरे."

"अख्खी ओळ घे."

"बाबा, ग्रुपवर सगळे आहेत. आत्या, काका, तुमचे कारखान्यातले..."

"अख्खी घे म्हटलं ना. अक्षर न् अक्षर दिसलं पाहिजे."

तिने फोन वर धरला, पुन्हा थांबली.

"जरा बाजूला सरका. पडद्याच्या काचेत तुमचा चेहरा येतोय."

"येऊ दे," तो म्हणाला.