वाटीभर वाल

माझे सासरे, वासुदेवराव, मनातलं सहसा बोलून दाखवत नाहीत, पेरून दाखवतात. हे मला कळायला सप्टेंबर संपत आला.

फाल्गुनात सासूबाई गेल्या आणि गुहागरच्या घरात बाबा एकटेच उरले. माझ्या नवऱ्याने, परेशने, ऑगस्टच्या अखेरीस त्यांना अबुधाबीला आणलं खरं, पण वीस ऑक्टोबरचं परतीचं तिकीट आधी हातात पडलं, तेव्हाच बाबांनी घरातून पाय बाहेर ठेवला. त्यांनी आता इथेच, आमच्याजवळ राहावं असं मला फार वाटत होतं. सासऱ्यांना ठेवून घेण्यासाठी धडपडणारी सून म्हणून मैत्रिणी माझी थट्टा करतात. करोत बापड्या. मी सातवीत असताना माझे वडील गेले. त्यानंतर इतक्या वर्षांनी घरात कुणाला तरी 'बाबा' म्हणून हाक मारता येत होती आणि ते मला सोडवत नव्हतं.

पण रीम आयलंडवर बत्तिसाव्या मजल्यावर माणसाने करायचं काय? बाबा खिडकीशी बसून राहायचे. 'बरं आहे', 'चालेल' आणि 'पुरे' एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. शेवटी मी हात धुवून परेशच्या मागे लागले आणि शहामाच्या बाजूला एका शेतावर भाजीसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला. तिथे आमच्यासारख्या हौशी लोकांना असे तुकडे करून देतात. पाण्याची नळी आणि उन्हासाठी हिरवी जाळी शेताचीच.

पहिल्या शनिवारी सकाळी सहालाच गेलो, तरी हवा गरम भांड्यातून निघाल्यासारखी येत होती. माझा मुलगा अंश "आजोबा, इट्स लाइक अ‍ॅन अव्हन!" म्हणत गाडीच्या एसीत परत जाऊन बसला. बाबा उकिडवे बसले. मूठभर माती उचलली, बोटांतून गळू दिली.

"भाद्रपदात पेरतं का कोणी?" ते म्हणाले.

शेताचा राखणदार मुलतानचा. तो हसला. "चाचा, सुहैल तारा निकल आया. गर्मी खलास. यल्ला, बीज डालो!"

गावी भात पोटरीला येतं तेव्हा इथे पेरणी सुरू होते, हे बाबांना काही केल्या पटेना. पण हातांना पटलं असावं. अर्ध्या तासात त्यांनी शेणखत कालवून दोन वाफे सारखे केले. मी हौसेने टोमॅटो, वांगी आणि दुधी यांची पाकिटं आणली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि फक्त मेथी, लाल माठ आणि मुळा पेरला.

"दुधी का नको?" मी विचारलं.

"वेळ लागतो त्याला. मेथी पंचवीस दिवसांत येते. मुळा चाळीस."

मी बोटांवर दिवस मोजले. घरी आल्यावर परेशला म्हटलं, "जायच्या आधी खाऊन संपेल तेवढंच पेरलंय त्यांनी."

"अगं, मेथीतून काय काय अर्थ काढशील? ऑफिसात माझा बॉस बोलतो ते डिकोड करताना माझा एवढा जीव जात नाही."

परेशचं हे असं आहे. सरळ मराठीत, तारीख घालून सांगितल्याशिवाय त्याला काही समजत नाही. मला मात्र त्या मेथीचा राग यायला लागला. चौथ्या दिवशी ती उगवली, तरारली, आणि तिची पहिली भाजी मी तोंड पाडून केली.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका गुरुवारी सकाळी ओट्याशी गेले, तर स्टीलच्या भांड्यात वाटीभर कडवे वाल भिजत घातलेले. बाबांनी गावाहून आणले असणार. मला केवढा आनंद झाला! महिनाभरात या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, तेही न बोलता. कोकणातल्या घरात वाल भिजलेले दिसले की बाईचे हात आपोआप फडकं शोधतात. मी ते उपसले, फडक्यात घट्ट बांधले आणि बंद ओव्हनमध्ये ठेवून ऑफिसला गेले.

शुक्रवारी दुपारी लवकर सुटून आले. फडकं सोडलं तर एकेका वालाला हे एवढाले मोड! कोमट पाण्यात टाकून मी एकेक सोलायला बसले. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते. बाबा दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

"कसले सुरेख मोड आलेत, बघितलंत?" मी म्हटलं.

बाबा जरा वेळ परातीकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले, "चांगले आलेत."

वाटीभरच होते, म्हणून डाळिंब्यांच्या उसळीत ओलं खोबरं सढळ हाताने घातलं. आमसूल, गूळ, सगळं सासूबाईंच्या पद्धतीने. बाबांनी दोनदा वाढून घेतली. रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेश अंशला पोहायला घेऊन गेला, म्हणून शेतावर मी आणि बाबा दोघंच गेलो. मेथीच्या पलीकडे एक नवा वाफा होता. दोरी ताणून आखलेल्या सरळ ओळी, वीतभर अंतरावर एकेक खळगा, खळग्यात चिमूट चिमूट खत. मागच्या शनिवारी मी आले नव्हते, तेव्हाच केलं असणार. खळगे सगळे रिकामे.

"इथे काय लावायचंय, बाबा?"

बाबा मेथी खुडत होते. मान वर न करता म्हणाले, "वाल."

"कुठे आहेत?"

"काल खाल्ले की आपण."

मी बांधावरच बसले. त्यांचं बियाणं मी फोडणीला टाकलं होतं! आणि रडू येण्याऐवजी मला आधी संतापच आला.

"मग बोलला का नाहीत? समोर उभे होतात! एक शब्द, बाबा, एक शब्द टाकला असता तर..." आणि मग रडूच आलं.

बाबा कावरेबावरे झाले. मेथीची जुडी तशीच हातात धरून माझ्याजवळ आले. "अगं, तू गुणगुणत होतीस," ते म्हणाले. "मी आल्यापासून पहिल्यांदाच. त्यात कुठे मोडता घालू? बियाणं काय, गावाहून येईल परत."

मी पदराने, म्हणजे ओढणीने, नाक पुसलं. आणि डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"वालाला किती दिवस लागतात?"

"शंभर तरी. शेंगा भरेपर्यंत जानेवारी उजाडतो."

"आणि वीस ऑक्टोबरचं तिकीट?"

बाबांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. "परेशला सांगणार होतो," ते म्हणाले. "म्हटलं, आधी वाल उगवू देत. आपलं बी इथे उगवतंय का बघू, आणि मग सांगू."

"उगवले होते, बाबा," मी म्हणाले. "एकूण एक उगवले होते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

"मग सांग परेशला," ते म्हणाले.