ज्युरी ड्यूटीचं कलम

आखातातल्या अख्ख्या रास अल खोरमध्ये ज्युरी ड्यूटीसाठी भरपगारी रजा देणारी एकच कंपनी होती, आणि तिच्यात चारुदत्त केतकर नोकरीला होते. आता या मुलखात ज्युरी असते कुठे? न्यायाधीश असतो, दुभाषा असतो, फायली असतात, आणि तारखा तर असतातच असतात. पण ज्युरी नाही. तरी कलम होतं. सतरावं कलम.

त्याचं झालं असं की, सत्त्याण्णव साली कंपनीचे जनरल मॅनेजर हद्दादसाहेब, मूळचे लेबनॉनचे, आयएसओ सर्टिफिकेटच्या मागे हात धुऊन लागले होते. सर्टिफिकेट हवं तर कर्मचाऱ्यांसाठी नियमांचं पुस्तक हवं. पर्सोनेल ऑफिसर कोण? केतकर. मुदत किती? चार दिवस. केतकरांनी एका अमेरिकन तेल कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांचं पुस्तक आणलं, कंपनीचं नाव बदललं आणि आहे तसं टाइप करून टाकलं. ज्युरीसकट! साहेबांचा सेक्रेटरी लिओ डाबरे, वसईचा, पोट धरधरून हसला होता. "अरे चारू, ज्युरी काय देरा सुकच्या बाजारातून आणणार काय तू?" पण ऑडिटरने नेमकी त्याच कलमाखाली पेन्सिलने रेघ मारून 'एक्सलंट' लिहिलं. मग कोण काढतंय ते!

कलमात पुढे असंही होतं, की कोर्टाने ज्याला ज्याला बोलावलं, मग तो साहेब असो वा हमाल, त्याला त्या दिवसाची भरपगारी रजा. अट एकच. त्याने आपलं रजेचं कार्ड बरोबर न्यायचं आणि त्यावर कोर्टाचा हजेरीचा शिक्का आणायचा.

दीड वर्षाने त्या कलमाखाली पहिला अर्ज आला, तो खुद्द केतकरांचाच. साक्षीसाठी समन्स होतं. खटला भिकाजीचा.

भिकाजी मालवणकडचा, स्टील यार्डात क्रेनखाली माल लावायचा. तेरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, पत्र्यांचा गठ्ठा घसरला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कंपनीचं म्हणणं असं की शुक्रवार सुट्टीचा, हा माणूस ड्यूटीवर नव्हताच, कुणाला न विचारता यार्डात घुसला, तेव्हा आमची जबाबदारी शून्य. ना भरपाई, ना नकली पाय, काही नाही.

आणि हे धादांत खोटं आहे हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते केतकरांना. कारण शुक्रवारी कामावर ये, ही चिठ्ठी गुरुवारी त्यांनीच सहीनिशी भिकाजीच्या हातात दिली होती. ती चिठ्ठी भिकाजीच्या कपड्यांबरोबर हॉस्पिटलात गेली आणि कपड्यांबरोबरच फेकली गेली. ऑफिसातली तिची प्रत शनिवारी सकाळी हद्दादसाहेबांनी मागून घेतली. मग ते म्हणाले, "केतकर, हजेरीचा कागद नवा टाइप कर. भिकाजी, वीकली ऑफ. यल्ला, लवकर." केतकरांनी टाइप केला. वाईट वाटलं का? वाटलं. पण टाइप केला. आता वाईट वाटलं म्हणून कुणी पाप माफ करतं का?

समन्स घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा साहेबांनी खुर्ची ओढून दिली. कधी नव्हे ती. अर्जावर हिरव्या शाईने सही ठोकली आणि म्हणाले, "फुल पे, हबीबी! तुझाच नियम आहे. कंपनी तुझी काळजी घेते, तू कंपनीची घे." मग मागच्या तिजोरीकडे सहज बघितलं. त्या तिजोरीत सगळ्या स्टाफचे पासपोर्ट होते. केतकरांचा होता, त्यांच्या बायकोचा होता, मुलीचाही होता. साहेबांनी फोन उचलला. आणखी बोलायची गरजच काय!

जागेवर येऊन केतकरांनी कार्डांचं कपाट उघडलं. कार्डं इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेली. बी संपला की सी. चारुदत्तचं कार्ड ओढलं तसं त्याला चिकटून भिकाजीचंही बाहेर आलं. ते परत आत सारताना नजर शेवटच्या ओळीवर गेली, आणि केतकरांनी कार्ड पुन्हा बाहेर ओढलं.

'शुक्र. १३ नोव्हें. ड्यूटीवर बोलावले. बदली रजा जमा, एक दिवस. सी. के.'

अक्षर त्यांचं, सही त्यांची. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याला एक बदली रजा मिळते, आणि उद्याचं काम आजच उरकायची केतकरांना जन्माची खोड. चिठ्ठी देतादेताच, गुरुवारी, त्यांनी ती रजा जमा करून ठेवली होती! शनिवारच्या गडबडीत हजेरीचा कागद बदलला, चिठ्ठीची प्रत गेली, या कार्डाची आठवण कुणालाच झाली नाही. त्यांनाही नाही.

इतके दिवस ते स्वतःला समजावत होते, की पुरावाच नाही तर मी एकटा बोलून काय उपयोग. आता पुरावा हातात होता. फाडून टाकला तर कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं. त्यांनी कार्ड दोन बोटांत धरलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि मग जागेवर परत ठेवून कपाटाला कुलूप घातलं. फाडायची हिंमत नाही आणि दाखवायचीही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संध्याकाळी रोल्लाच्या फ्लॅटमध्ये त्यांनी सगळं बायकोला, विभावरीला सांगितलं. विभावरी मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली, फक्त देठांबरोबर पानंही टाकायला लागली.

"अहो, फ्लॅट कंपनीचा, व्हिसा कंपनीचा. मुग्धाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. खरं बोललात तर उद्या व्हिसा कॅन्सल करतील, वर पुन्हा इथे यायला बॅन मारतील. आपण जाणार कुठे?"

"आणि भिकाजी?"

"मला त्याचं वाईट वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला?" विभावरी एकदम चिडली. "रडू येतं मला. पण तो हरिश्चंद्र व्हायचा मान तुम्हालाच कशाला? बाकीचे काय मेलेत?"

बाकीचे कोण, हे तिलाही सांगता आलं नसतं. आतल्या खोलीतून मुग्धाने विचारलं, "बाबा, आर यू इन ट्रबल?"

"नाही गं. उद्या रजा आहे मला, एवढंच."

"पेड लीव्ह? लकी यू!"

केतकरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

कोर्टात भिकाजी आधीच येऊन बसला होता. दोन कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, अंगात इस्त्रीचा शर्ट, पँटचा उजवा पाय दुमडून पिना लावलेल्या. केतकरांना बघून तो उठायला लागला. "बस, बस," असं म्हणत केतकर भराभर पुढे गेले. बरोबर कंपनीचा वकील होता ना!

दुभाष्याने देवाची शपथ घ्यायला लावली. केतकरांनी घेतली. न्यायाधीश शांत माणूस. त्याने अरबीत विचारलं, दुभाष्याने हिंदीत आणलं, "तेरा नवंबर को ये आदमी ड्यूटी पर था या नहीं?"

केतकरांनी भिकाजीकडे बघायचं टाळलं. सगळं आठवत होतं. गुरुवारी चिठ्ठी घेताना भिकाजी म्हणाला होता, उद्या कॅम्पात माशांचा बेत होता, आता ऱ्हवला. आणि हसला होता.

"रजिस्टर में," केतकर म्हणाले, "वीकली ऑफ लिखा है।"

खोटं नव्हे बरं का! रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं होतं. कुणी लिहिलं, ते कुणी विचारलं नाही. दुभाष्याने त्याचे चार अरबी शब्द केले आणि कारकुनाने ते उतरवून घेतले. खलास.

मग न्यायाधीशाने भिकाजीला विचारलं, तुझ्याकडे काही कागद आहे? भिकाजीने मान हलवली. न्यायाधीश म्हणाला, तीन आठवड्यांची तारीख देतो. कागद असेल तर त्या दिवशी आण. नसेल तर मी निकाल देईन.

बाहेर आल्यावर केतकर आपलं रजेचं कार्ड घेऊन खिडकीपाशी गेले, कारण नियम म्हणजे नियम. खिडकीतल्या कारकुनाने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने कार्ड उलटसुलट केलं, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. आत जाऊन विचारून आला, शिक्का मारला आणि कार्डाची झेरॉक्स काढून खटल्याच्या फाइलला लावली. "इथे ज्याच्यावर आमचा शिक्का, त्याची कॉपी आमच्या फाइलमध्ये," तो हिंदीत म्हणाला. केतकरांनी मान डोलावली. त्यांचं लक्षच नव्हतं.

कॉरिडॉरच्या टोकाला भिकाजी थांबला होता. वकील गाडी आणायला गेलेला. आता टाळायला जागा नव्हती. केतकरांना वाटलं, हा थुंकेल आपल्या तोंडावर. थुंकला असता तर बरं झालं असतं.

"सायबानू," भिकाजी म्हणाला, "आजची सुटी तुमची भरपगारी झाली मां? माझ्यापायी तुमका खोट नको."

केतकरांना कुठे बघावं कळेना. "झाली," ते कसेबसे म्हणाले. "आणि तुझी?"

"माझी कसली सुटी? टायमकीपर गैरहजेरी लावतलो. तेचा काय एवढा!" आणि कुबड्या सावरत तो बस स्टॉपकडे चालू लागला. फेब्रुवारीच्या उन्हात तो फुटपाथवर थांबत थांबत जात होता. केतकर गाडीत बसले तेव्हा एसी चालू होता, आणि आपण किती नालायक माणूस आहोत हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं.

पण डोक्यात दुसरंच काही फिरायला लागलं होतं. गैरहजेरी? गैरहजेरी का म्हणून? भिकाजी अजून कंपनीच्या पटावर होता. खटला संपेपर्यंत त्याला काढता येत नव्हतं. आणि त्यालाही कोर्टानेच बोलावलं होतं. मग तो साहेब असो वा हमाल! केतकर गाडीतल्या गाडीत ताठ बसले. सतरावं कलम भिकाजीलाही लागू होत होतं. अट एकच.

शनिवारी त्यांनी निरोप पाठवून भिकाजीला ऑफिसात बोलावलं, स्वतःची खुर्ची त्याला दिली आणि कपाटाचं कुलूप काढलं. समोरच्या टेबलावर लिओ पत्रं टाइप करत होता. केतकरांनी बी मधलं एक कार्ड काढून लिफाफ्यात घालायला घेतलं तसा तो उठून आला. खांद्यावरून त्याने शेवटची ओळ वाचली आणि त्याचा चेहरा पडला.

"चारू," तो हळूच म्हणाला, "वेडा झाला काय रे? हे फाइलला लागलं तर हद्दाद राहू दे बाजूला, पहिला तू जाशील आत. शपथ घेऊन आलास तू! पासपोर्ट तिजोरीत आहे तुझा. पळणार पण कसा?"

"पळायचंय कुणाला? पळता आलं असतं तर एवढे दिवस इथे बसलो असतो का?" केतकरांचा आवाज चढला, मग त्यांनी तो आवरला. "लिओ, ऑडिटरने एक्सलंट दिलेला नियम आहे. पुस्तकात हद्दादसाहेबांची सही आहे. मी फक्त त्याचं पालन करतोय."

लिओ जागेवर परत गेला. त्याने कागद मशीनमध्ये घातला, पण टाइप काही केलं नाही.

"भिकाजी, हे तुझं रजेचं कार्ड. पुढच्या तारखेला कोर्टात गेलास की पहिल्यांदा खिडकीवर द्यायचं. शिक्का मारून घ्यायचा. तो कारकून झेरॉक्स काढेल, काढू दे. मग वर जजसाहेबांनी कागद मागितला की हेच दाखवायचं. तोवर हरवायचं नाही. कुणाच्या हातात द्यायचं नाही, अगदी माझ्यासुद्धा. मी मागितलं तरी नाही."

भिकाजीने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "माका इंग्रजी येणा नाय. ह्येच्यात काय लिवलाहा?"

केतकरांनी बोट ठेवून मराठीत वाचलं. ज्या आवाजात शपथ घेतली होती त्यापेक्षा मोठ्या आवाजात वाचलं. "तेरा नोव्हेंबर. शुक्रवार. ड्यूटीवर बोलावले. खाली माझी सही."

भिकाजीने त्या ओळीवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि कार्ड लिफाफ्यात सारलं. मग त्याने लिफाफा बनियनच्या आत घातला आणि वरून शर्टाची बटणं लावली. दाराशी जाऊन तो वळला.

"आणि तुमचा काय होतला, सायबानू?"

"तू जा. बस चुकेल."

कुबड्यांचा आवाज जिना उतरून खाली गेला. आतल्या केबिनमधून हद्दादसाहेब फोनवर कुणाशी तरी बोलत मोठमोठ्याने हसत होते. केतकर खुर्चीत बसले. त्यांनी खणातून रजेचा एक कोरा अर्ज काढला. नाव घातलं, नंबर घातला. तारीख घातली, भिकाजीच्या पुढच्या तारखेची. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कोर्टात हजेरी.'

समन्सचा नंबर लिहायची जागा तेवढी रिकामी ठेवावी लागली. ते समन्स अजून निघायचं होतं.